बारावा नंबर

एप्रिलचा शेवटचा शुक्रवार, रात्रीचे सव्वानऊ. दरीच्या काठावरच्या वाटाड्यांच्या खोलीत वीज गेली होती. म्हातारा व्हर्ल स्टोक्स शेगडीपाशी पाय पसरून बसला होता, आणि या हंगामाला नव्याने लागलेली चार पोरंपोरी त्याचा पिच्छा सोडत नव्हती.

"व्हर्लकाका, काठावरच्या वाटेला ते 'कोपर' नावाचं वळण आहे ना, तिथे मोठ्याने मोजायचं नाही म्हणतात. का हो?" टेसने विचारलं.

"भित्र्यांनी केलेला नियम आहे तो," व्हर्ल गुरगुरला. "ऐका. थाप नाही मारत. डेल्फा ब्रॅकनच्या बाबतीत घडलंय, आणि डेल्फाला हे काम मी शिकवलं."

दोन वर्षांपूर्वीची चौदा ऑगस्ट. डेल्फा सकाळी साडेसातला बारा जणांना घेऊन काठाकाठाने निघाली. माणशी दोन सँडविच, तीन बाटल्या पाणी. पद्धत नेहमीचीच. प्रत्येकाला एक नंबर. थांबलं की पुढून मागे आपापला नंबर ओरडायचा. बारावा तो शेवटचा, त्याच्या मनगटाला केशरी रुमाल. परत आल्यावर सगळे गाडीत बसले की त्यानेच तो मागच्या दाराच्या हँडलला बांधायचा. रुमाल बांधला म्हणजे सगळे आले. त्याशिवाय गाडी हलत नाही.

त्या दिवशी बारावी होती आयरीन पर्किन्स. ओहायोची निवृत्त मास्तरीण, गुडघ्याला पट्टा, तोंडाला मात्र कसलाच पट्टा नाही.

"पोरी, मी मागे पडले तर शोधू नकोस. तिथेच पुरून टाक."

"खड्डा खणायला वेळ नाही बाई," डेल्फा म्हणाली. "पाय उचला."

दिवस मजेत गेला. परतताना चार वाजता आभाळ भरून आलं, तेव्हा ते कोपरावर होते. तिथे वाट दरीच्या अंगाने अशी वळते की मागची माणसं दिसेनाशी होतात. नियमाप्रमाणे वळण संपल्यावर गुपचूप बोटांनी मोजायचं. डेल्फाला तो नियम मुळातच पटत नव्हता. माणूस जिथे दिसत नाही, तिथेच त्याचा आवाज ऐकायला हवा.

"मोजा!" ती ओरडली.

एक. दोन. तीन... अकरा.

"बारा."

आवाज पुरुषाचा होता.

डेल्फा मागे धावली. माणसं अकराच होती. "माझ्यामागे कुणीतरी होतं की," अकरावा म्हणाला. "पावलं वाजत होती." पलीकडे वीज कडाडली. "नंबर भरले ना? मग चला!" कुणीतरी ओरडलं. डेल्फाने सगळ्यांना काठापासून दूर, सखल जागी बसवलं, आणि स्वतः काठावर परत आली.

इथे व्हर्ल थांबला. शेगडीत लाकूड सरकवत राहिला.

"त्याआधी सात वर्षं, याच कोपरावर. लायल ड्रेपर बारावा होता. फोटो काढायला काठाशी रेंगाळला. मोजणी झाली तेव्हा अकराव्याने गंमत म्हणून त्याचाही नंबर देऊन टाकला. सगळे हसले. वाटाड्याही हसला, आणि निघाला. लायल आठ दिवसांनी खाली सापडला. तेव्हा रुमाल निळे असायचे. त्याचा काही सापडला नाही."

"पण गाडीशी गेल्यावर कळलं असेल ना? वाटाड्या होता तरी कोण?" टेस म्हणाली.

"कळलं. उशिरा." व्हर्लने मान वर केली नाही. "मीच होतो तो."



डेल्फाला हे ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं तिला, व्हर्ल म्हणाला. ती काठावर उभी राहिली. भीती वाटत होती. राग त्याहून जास्त.

"लायल! तुझा नंबर दुसऱ्याने दिला. वाईट झालं. म्हणून तू या बाईचा घेणार? चालायचं नाही! बारा तिचा आहे. तिला घेतल्याशिवाय मी हलत नाही. पडू दे वीज."

वारा पडला.

"नंबर हवाय ना तुला? तेरा घे. तुझा स्वतःचा. मी मोजीन तुला." तिने मागे वळून हाक दिली, "पुन्हा मोजा!"

एक... पाच... अकरा.

काही नाही...

"बारा!" बाईंचा आवाज. काठाखालून.

आणि मग... डेल्फाच्या मानेशी. अगदी जवळ.

"तेरा."

ती वळली नाही.

"ऐकलं," ती म्हणाली. "चल. आणि आता रेंगाळू नकोस."

आयरीनबाई दोन माणसांच्या उंचीइतक्या खाली, एका कपारीत पाय मुरगळून बसल्या होत्या. दोराने वर येताच त्यांचं तोंड सुरू झालं. "कधीची बोंबलतेय मी! आणि माझा नंबर कोण मेला देत होता?"

गाडीपाशी पोचेपर्यंत पावसाने सगळ्यांना धुऊन काढलं. बाराही जण आत बसले. डेल्फाने एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजलं. मग बाईंच्या मनगटाचा केशरी रुमाल सोडून घेतला, कारण त्यांना उभं राहवत नव्हतं, आणि ती मागच्या दाराशी गेली.

हँडलला एक रुमाल आधीच बांधलेला होता. निळा.

गाडीच्या टपावरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. रुमाल कोरडा होता.