बोअरचं पाणी

जनावरांच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद होता, म्हणून भार्गवी शेजारच्या मत्स्यालयाच्या दुकानात शिरली. काउंटरवर स्टीलचा डबा ठेवून तिने झाकण उघडलं. आत मेलेला पिवळा मासा होता.

"हा तिसरा... आठवड्यात. सहाच उरलेत," ती म्हणाली.

दुकानदार वीरभद्रने डब्यात नीट पाहिलं. "सिक्लिड हाय. पाणी कोणतं घालताय?"

"जारचं. अगदी शुद्ध."

"चहाला चांगलंय ते, मॅडम. ह्यांना न्हाई."

भार्गवीला राग आला. लातुरात बोअरचं खारं पाणी धुण्याभांड्याला आणि जारचं पाणी जीव लावलेल्या माणसाला, हा रिवाज. पाहुण्याला बोअरचं पाणी देणारं घर शोधून सापडणार नाही. माशांवर तिचा जीव होता, म्हणून माशांनाही जार. यात चुकलं काय?

"हे आफ्रिकेतल्या सरोवरातले मासे," वीरभद्र म्हणाला. "त्यांना जड पाणी लागतंय. जारच्या पाण्यात क्षारच न्हाईत, मग माशांच्या घाणीनं आलेलं आम्ल कोण आवरणार? पीएच घसरतोय, मासे जात्यात. तुमी काय करता?"

"शिकवते," ती म्हणाली. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "रसायनशास्त्र."

तो हसला नाही. हसू दाबायला मात्र त्याला पाठ फिरवून पट्ट्यांची डबी शोधावी लागली. अकरावीच्या मुलांना दरवर्षी हाच धडा ती फळा भरभरून शिकवत असे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्याने पीएच तपासायच्या पट्ट्या दिल्या आणि शहाबादी फरशीचे दोन तुकडे दिले. "चुनखडीच हाय ही. धुवून टाकीत ठेवा. रोज थोडं जारचं पाणी काढायचं, थोडं बोअरचं घालायचं. एकदम बदललं तर उरलेले सहापण जातील. आन् रोजचा आकडा मला कळवा."

ती रोज संध्याकाळी आकडा कळवू लागली. सहा पॉइंट चार. सहा पॉइंट सात. "बरं हाय, घाई नको," असं उत्तर यायचं. दहा दिवसांनी पाणी आठावर येऊन थांबलं. आता कळवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी ती कळवत राहिली, "आठच आहे."

"मासे जेवले का?"

"जेवले."

"आन् तुमी?"

असे पाच महिने गेले. रविवारी ती दुकानात जाऊन बसायची, तो चहा मागवायचा आणि हटकून विचारायचा, "जारच्या पाण्याचा चालंल ना?" तो आपल्याला आवडतो, हे तिला केव्हाच कळलं होतं. पण दोघंही एकमेकांशी बोलायची ती माशांबद्दल. आणि अशात तिला नांदेडच्या कॉलेजात कायमची नोकरी लागली. आईवडीलही तिथंच. नाही म्हणायला कारण नव्हतं. एक होतं, पण त्याने ते तोंडाने सांगायला हवं होतं.

त्याने मासे प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत बांधून दिले. "नांदेडचं पाणी येगळं हाय... तपासून घ्या," एवढंच बोलला. बसमध्ये तिला रडू आलं, आणि त्याचा रागही आला.

पुढच्या रविवारी सकाळी नांदेडच्या घरासमोर एक जीप थांबली. वीरभद्रने पाण्याचे चार कॅन उतरवले. "लातूरच्या बोअरचं हाय," तो म्हणाला. "माशांना सवय हाय ह्याची."

तिचे वडील श्रीपादराव पेपर बाजूला ठेवून उठले. "दुष्काळात रेल्वेने आणलेलं पाणी प्यालेलं गाव तुमचं," ते म्हणाले, "आणि तुम्ही गोदाकाठी पाणी घेऊन आलात? ही तर उलटी गंगा झाली." एवढं बोलून ते आत चहाचं सांगायला गेले.

भार्गवीने पट्टी टाकीत बुडवून त्याच्यापुढे धरली. "आठ. इथल्याच पाण्यात. शहाबादी आहे, चिमूटभर खायचा सोडा घालते. हे तुम्हाला माहीत होतं."

"हाव. माहीत हाय."

"मग एवढ्या लांब पाणी कशाला आणलं?"

तो कॅनचं झाकण उगाच घट्ट करत राहिला. "तुमी गेल्यापासनं करमंना झालंय... रिकाम्या हातानं कसं यावं, म्हणून पाणी आणलं."

तिने पट्टी खिडकीत ठेवली. ओले हात पदराला पुसले.

"पुढच्या रविवारी पाणी आणू नका," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला.

"घरच्यांना घेऊन या."