हळदीची पाच बोटे

गोजरबाई उंबरा ओलांडून आत आल्या, तेव्हा सारे घर एका कागदाभोवती निश्चल बसले होते.

एकोणीसशे नव्याण्णवच्या जानेवारीची एकोणीस तारीख होती. "आत्या, असशील तशी ये," एवढाच भगवंताचा निरोप बोरी बुद्रुकहून आळ्यास आला होता. एकतीस वर्षे अध्यापन करून निवृत्त झालेल्या गोजरबाईंनी पानाची चंची कमरेला खोचली आणि त्या निघाल्या.

भगवंताने रजिस्टर्ड पत्र पुढे केले. गरुडपथ सिम्युलेटर्स या पुण्याच्या कंपनीचे ते होते. 'आपल्या दोनशे समभागांचे मूळ प्रमाणपत्र हस्तांतरणासाठी आमच्याकडे आले आहे. सही जुळत नाही. पोलीस तक्रारीच्या प्रतीसह आपली हरकत वीस तारखेपर्यंत न पोहोचल्यास हस्तांतरण नोंदविले जाईल.'

"म्हणजे उद्या," गोजरबाई म्हणाल्या.

"आन् पेटीत तर ह्यो कागद हाये, आत्या. मंग मूळ तिथं गेलं कसं?"

"ही रंगीत झेरॉक्स आहे, आत्याबाई," खाटेवर बसलेला भरत हळूच म्हणाला. हा भगवंताचा साडू. गेल्या गुढीपाडव्याला त्याने आळेफाट्यावर गुंतवणुकीचे दुकान उघडले होते. "उजेडाकडं धरा. आतली खूण दिसत न्हाई."

ती खरोखरच दिसत नव्हती.

वैमानिकांना जमिनीवरच उड्डाण शिकविणारी यंत्रे ही कंपनी बनवी. बंद खोलीएवढे ते यंत्र विमानासारखे डोले, कोसळे, आणि आतला माणूस मात्र धडधाकट बाहेर येई. चौऱ्याण्णव साली भगवंताने कांद्याच्या पैशांतून तिचे समभाग घेतले. "इमानं कुणाची का आसंनात, शिकणाऱ्याला आदी भुईवरच बसावं लागणार," हा त्याचा हिशेब. तो फळला. भाव नऊपट झाला होता, आणि त्याच बळावर त्याच्या लेकीचा, तेजस्विनीचा, वैमानिक प्रशिक्षणाचा प्रवेश ठरला होता. ती आता दाराशी उभी होती.

"पेटी कुठे असते?" गोजरबाईंनी विचारले.

"मदल्या खोलीत."

"किल्ली?"

"देवळीत."

"त्या खोलीत निजतं कोण?"

कोपऱ्यातला आदेश, भगवंताचा पुतण्या, स्वतःच म्हणाला, "मी, आजी. दिवाळीनंतर मस्कतहून आलो, तवापासून."

"किती वर्षं होतास तिकडे?"

"तीन. मधी एकदाबी आलो न्हाई. पेटीला हातसुदिक लावला न्हाई मी."

भगवंत त्याच्याकडे पाहत नव्हता.

"परकं कोणी येऊन गेलं घरात?"

"परकं कुणीबी न्हाई," भगवंत म्हणाला. लंकाबाईनेही मान हलवून नवऱ्याला दुजोरा दिला.

"भरतराव, तुम्ही हा कागद याआधी कधी पाहिला होता?"

"चौऱ्याण्णवला, टपालानं आला तवा. त्यानंतर आजच." भरतने सुस्कारा सोडला. "माझं ऐका, आत्याबाई. तक्रार केली, तर नाव पोराचं येणार. शेअर गेले तर जाऊ द्या. घरातली गोष्ट चौकीत नेऊ नका."

भगवंताने कपाळ धरले. तक्रार करावी तर पुतण्या जाणार. न करावी तर लेकीचे आकाश.

गोजरबाई कागद निरखीत होत्या. खालच्या कडेला पाच पिवळे ठिपके ओळीने उमटले होते.

"हे काय गं, लंका?"

"हळदीची बोटं, आत्याबाई. लक्ष्मीपूजनाला दर साली एक. पाच दिवाळ्या झाल्या. यंदा तर पाकिटातून काढून लावलं."

ते प्लास्टिकचे पाकीट खाटेवरच पडले होते. 'भरत इन्व्हेस्टमेंट, आळेफाटा' अशी अक्षरे त्यावर होती.

गोजरबाईंनी चंची सोडली. पान मात्र काढले नाही. चुन्याची डबी उघडून ओला चुना त्यांनी बोटावर घेतला आणि पहिल्या ठिपक्यास लावला. तो पिवळाच राहिला. दुसरा, तिसरा, चौथा, तेही तसेच. पाचव्याला बोट लागले मात्र, ठिपका कुंकवासारखा लाल झाला.

"हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे," गोजरबाई म्हणाल्या. "ही चार लाल होत नाहीत, कारण ती हळद नव्हेच. मूळ कागदावरच्या हळदीची छापलेली छबी आहे. पाचवी खरी. ती यंदाच्या दिवाळीत लंकेनं याच नकलेवर लावली. म्हणजे कागद बदलला तो सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर आणि यंदाच्या दिवाळीपूर्वी. आदेश तेव्हा मस्कतमध्ये होता."

आदेशने भिंतीला पाठ टेकली.

"आता हे पाकीट. भरतराव, तुमचं दुकान उघडलं गेल्या पाडव्याला. चौऱ्याण्णवनंतर तुम्ही कागद पाहिला नाही, म्हणता. मग तुमचं पाकीट यावर कसं?"

"पाकिटं काय, गावभर वाटतो मी."

"लंका, हे कोणी आणलं?"

"दाजींनीच. आखाडात. मालक वतूरच्या बाजाराला गेल्यालं. 'पुण्याला दावून आणतो' म्हून कागद नेला, चौथ्या दिवशी पाकिटात घालून दिला."

"अगं, मग मघाशी बोलली का नाहीस?"

लंकाबाई गोंधळली. "दाजी आखाडातलं इसरलं आसतील, वाटलं. आन् परकं कोण आलं, आसं इचारलंत तुमी. दाजी परकं हायेत व्हय?"

भरतचा चेहरा उतरला. "आत्याबाई, घरातली गोष्ट..."

"ते मघाशीही म्हणालात. तेव्हा ती मला दया वाटली. पण आज तक्रार झाली नसती, तर उद्या मुदत संपली असती आणि तुम्ही खोट्या सहीनं विकलेले शेअर पचले असते. भाव चढेपर्यंत थांबलात. पोराला बदनाम करायला मात्र क्षणभरही थांबला नाहीत."

भरतची मान खाली गेली.

भगवंताने बायकोकडे पाहिले. भरतच्या घरात तिची सख्खी धाकटी बहीण नांदत होती.

लंकाबाईने डोळ्यांना पदर लावला, मग पदर खोचला. "लिव, तेजू. दाजींचं नाव लिव. बहिणीला मी सांगीन."

तेजस्विनीने कागद घेतला.

अंगणात आदेशने मोटारसायकल सुरू केली. आधी चौकी, मग पुण्याची गाडी गाठायची होती. भगवंत जवळ आला, क्षणभर अडखळला. सकाळपासून ज्याच्याकडे त्याने पाहिले नव्हते, त्या पुतण्याच्या खांद्याचा आधार घेऊन तो मागे बसला, आणि आळेफाटा येईपर्यंत त्याने तो हात काढला नाही.