प्रतिध्वनी बंद केल्यावर

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्रतळावरच्या संशोधन केंद्रात हेमांगी नार्वेकर येऊन तीन आठवडे झाले होते, आणि रोज सकाळची यंत्रचाचणी तिच्या डोक्यात जात होती. चाचणीची आज्ञावली प्रत्येक आदेश आधी पडद्यावर लिहून दाखवी आणि मगच तो अमलात आणी. केंद्रातले लोक याला आदेश-प्रतिध्वनी म्हणत. चार हजार ओळी सरसर निघून जात. त्यात यंत्रांची उत्तरं कुठली, हेच कळत नसे.

बुधवारी तिने वैतागून प्रतिध्वनी बंद केला. लगेच लाल अक्षरं आली: बचाव-कुपीची चारही कुलपं नापास.

बचाव-कुपी म्हणजे पाणी आत शिरलं तर केंद्रातल्या सहा जणांना वर नेणारं एकमेव साधन. कुलपं सुटली नाहीत तर ती जागची हलणार नव्हती.

"कुणी हात लावला?" मुख्य अभियंता दिगंबर केरकर धावत आले. ही सगळी यंत्रणा अकरा महिन्यांपूर्वी त्यांनीच लिहिली होती.

"मी फक्त प्रतिध्वनी बंद केला, सर."

"चालू कर."

तिने चालू केला. चारही पास.

"झालं! चालूच राहू दे."

"पण सर, आदेश पडद्यावर दाखवल्याने कुलूप कसं दुरुस्त होईल?"

"अगं, पास होतंय ना? मग माझं डोकं नको खाऊस."

हेमांगीला रडू यायचं बाकी होतं. तिने नऊ वेळा चाचणी घेतली. चालू, पास. बंद, नापास. शेवटी तिने सगळ्या ओळी कागदावर छापल्या आणि पेन्सिल घेऊन एकेक वाचायला बसली. जेवणाच्या वेळी ती तो कागद घेऊन केरकरांच्या ताटासमोर उभी राहिली.

"सर, निकाल देणारा तुमचा परीक्षक प्रोग्राम पडद्यावर काय शोधतो?"

"'ठीक' हा शब्द. कुलूप सरकलं की ते 'ठीक' असं उत्तर देतं."

"आणि तुमचा आदेश काय आहे? वाचा."

केरकरांनी वाचलं, "'कुलूप सरकव. सरकलं तर ठीक लिही.'" त्यांचा घास हातातच राहिला.

"आदेशातच तो शब्द आहे. प्रतिध्वनी चालू असला की तो पडद्यावर उमटतो, आणि परीक्षकाला तेवढं पुरतं," हेमांगी म्हणाली. "कुलपं काहीच बोललेली नाहीत. कदाचित अकरा महिने."

"एक चूक शोधायला म्हणून मी प्रतिध्वनी चालू केला होता," केरकर हळूच म्हणाले. "त्याच दिवशी सगळं पास झालं. मला वाटलं, जमलं."

दोघांनी कुपीजवळच्या तारांच्या पेटीचं झाकण उघडलं. खाऱ्या पाण्याने तारा खाऊन टाकल्या होत्या. कुलपं बदलायला बाहेरून पाणबुडेच हवे होते. किनाऱ्याशी संपर्क फक्त ध्वनिलहरींवरून, तोही लेखी. केरकरांनी स्वतः संदेश लिहिला: "बचाव-कुपीचं एकही कुलूप ठीक नाही. पाणबुडे ताबडतोब पाठवा."

मिनिटभरात उत्तर आलं: "अहवाल पास."

त्यांनी तोच संदेश पुन्हा पाठवला. अहवाल पास. गुरुवारी तीनदा पाठवला. तीनदा पास. होडीचा पत्ता नव्हता.

"माणसं आहेत की दगड तिथे?" केरकर टेबलावर मूठ आपटत ओरडले.

हेमांगी पडद्याकडे बघत राहिली. "सर, किनाऱ्यावर आपले अहवाल आधी कोण वाचतं?"

"परीक्षक. पास असला की तिथेच फाइल होतो, नापास असला तरच घंटा वाजते आणि माणूस..." ते थांबले. "तोही मीच लिहिलाय."

तिने त्यांच्या संदेशातल्या एका शब्दावर बोट ठेवलं. 'ठीक'. पुढचं 'नाही' वाचायला परीक्षकाला कुणी शिकवलंच नव्हतं.

केरकरांनी सगळं पुसलं आणि नवीन ओळ लिहिली: "चारही कुलपं बिघडली आहेत. आम्ही अडकलो आहोत."

चार मिनिटं काहीच आलं नाही. मग पडद्यावर अडखळत, चुका करत, कुणीतरी हाताने टाइप केलेली अक्षरं उमटू लागली.

"कोन बोलतय? काय झालं तिकडे?"