वाळूतलं झाड

खट्ट!

दुपारच्या शांततेत कडी वाजली. माहेरची दिवाळी उरकून दीप्ती आजच वेंगुर्ल्याहून परतली होती, बॅगासुद्धा उघडल्या नव्हत्या. दारात शेजारचा वीरेंद्र, ज्याच्यावर ती झाड सोपवून गेली होती... पाय चिखलानं भरलेले, मान खाली.

"मॅडम, तुमचं झाड... हातचं जाऊन राहिलं जी."

नवरा गेल्यावर छोट्या लेकीला, ओवीला घेऊन ती दवाखान्यातल्या नोकरीसाठी समुद्रापासून दूर, धानाच्या मुलखातल्या गोरेगावला आली, तेव्हा समुद्राकाठच्या वाळूतले मूठभर सागरगोटे सोबत आणले होते. त्यातला एक कुंपणाशी रुजला आणि तिला वाटलं, मग आपणही रुजू इथे.

ती परसात धावली. झुडपाभोवती सुबक बांध, आत घोटाभर पाणी. जशी धानाची बांधीच! पानं पिवळी पडलेली.

"अहो, एवढं पाणी कशाला?"

"समुद्राचं झाड ना! मले वाटलं, त्याले पाण्याची सवय असन..."

रडायला आलेली दीप्ती फिसकन हसली. "खारं वारं, ऊन, सगळं सोसतं ते. पायाशी पाणी तेवढं तुंबवायचं नाही."

वीरेंद्रनं तिथल्या तिथे बांध फोडला. संध्याकाळी नदीची वाळू आणली. मुळांशी ती कालवताना काट्यानं त्याचं बोट फाडलं.

"झाड मालकिणीवरच गेलं," तो पुटपुटला, "जवळ येऊ देत नाही."

"मालकीण ओरबाडत नाही हं..." म्हणत तिनं ओढणीनं रक्त टिपलं. मग बोट सोडायचं दोघांनाही सुचेना.

रोज सकाळी तो झाड बघायला यायचा. बघायचा मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. इकडे उरलेली पानंही गळाली.

"मेलं, तर वापस जासान का?" एकदा त्यानं विचारलं. ती गळालेली पानं वेचू लागली.

आणि एका सकाळी परसातून हाक आली – "मॅडम! ओ... दीप्ती!"

उघड्या फांदीच्या पेरावर तांबूस कोंब होता, गव्हाच्या दाण्याएवढा. दीप्तीनं मातीतच बसून त्याला हलकेच बोट लावलं.

"मंग... राहसान ना इथं?" वीरेंद्र तिच्याकडे न बघता म्हणाला. "झाडासाठी नाही म्हणत मी."

"पाणी बेतानं घालणार असाल तर..."

"तुम्ही सांगसान तेवढंच!"

तिनं डोळे पुसले, पण ते पुन्हा भरले आणि ओठ काही केल्या मिटेनात. पायरीवर उरलेले सागरगोटे झेलत बसलेली ओवी खेळ थांबवून टक लावून बघत होती. इथल्याच बोलीत तिनं विचारलं,

"आई, तू हसून राहिली, का रडून राहिली?"