वास आला का?

खटकन कुलूप बसलं, आणि चर्चच्या मागच्या कोठीत वर्षाली एकटीच अडकली.

आधी तिला वाटलं, वारा असेल. पण वारा दार ढकलतो, कुलूप लावत नाही. शिवाय त्याआधी पावलं वाजली होती, अनवाणी आणि धावती. तिने दार हलवलं, बुक्क्या मारल्या, हाका मारल्या. बाहेर भोंग्यावर उपासना चालू होती. गाण्याचं तिसरं कडवं ढोलकीमागे ओढत ओढत चाललं होतं, धरून गाणारं कुणी नसल्यासारखं. तरी त्या आवाजापुढे वर्षालीची हाक म्हणजे नगाऱ्यापुढे टिमकी.

आज चर्चचं वार्षिक प्रीतिभोजन. उपासना सुटली की सारी मंडळी पंगतीला बसणार. वाढायच्या बादल्या, पळ्या, ताटं, मसाल्याचे डबे, सगळं कोठीत. आणि सगळ्याची जबाबदारी यंदा पहिल्यांदाच वर्षालीकडे. मटण तेवढं बाहेर ओसरीच्या चुलीवर, सासूबाईंकडे. यशोदाबाईंच्या हातच्या मटणासाठी लोक वर्षभर या रविवारची वाट बघत. आज पंगतीआधी पाळकसाहेब त्यांना शाल देणार होते.

पण वर्षालीला खरी काळजी पंगतीची नव्हती. तिचे वडील येणार होते.

वडनेरचे रूपराव. लेकीने प्रफुलशी लग्न केलं त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनी इकडे पाऊल टाकलं नव्हतं. यशोदाबाईंना ते विहीण म्हणत नसत, ‘थे बाई’ म्हणत. "परक्या धर्माचं घर हाय. कोंडून ठेवतीन तुले, पाहजो," हे त्यांचं शेवटचं बोलणं. यंदा आईने समजावून समजावून त्यांना राजी केलं होतं, आणि प्रफुल मोटरसायकल घेऊन जाम गावच्या चौकात त्यांना आणायला गेला होता.

आणि इथे लेक खरंच कोंडलेली! बाबा येतील, दारावरचं कुलूप बघतील आणि उलट्या पावली जातील. मग मात्र कायमचे. मोबाईल चर्चमध्ये चार्जिंगला लावलेला. वर्षालीला रडू फुटायचं बाकी राहिलं होतं.

कोठीला मागच्या बाजूला गजांची एक खिडकी होती. त्या बाजूला गाजरगवत आणि गोखरू माजलेले, कुणी फिरकत नसे. तिने गंजलेली कडी ओढून खिडकी उघडली, तसा करपल्याचा भपकारा आत आला.

वर्षालीचं नाक तिखट. शेजारच्या घरी दूध उतू गेलं तरी हिला आधी कळतं, असं घरात म्हणायचे. मटण तळाला लागलं होतं, आणि चांगलंच लागलं होतं.

"आई! खाली लागून राह्यलं!" ती ओरडली.

उत्तराऐवजी फरशीवरून काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. मटणाच्या मोठ्या पातेल्यांपैकी, ओसरीवर पालथा घातलेला दुसरा गंज असावा.

थोड्या वेळाने दाराचं कुलूप कुणीतरी खडखडवलं.

"कोण हाय आतमंधी?"

"मी, बंडूजी! खिडकीकडं या!"

बंडूजी शेजारचे किराणा दुकानदार. चर्चच्या जेवणाची चूल दरवर्षी तेच सांभाळत. स्वतः मटणाला शिवत नसत, पण शेजारधर्माला चुकत नसत. धोतराला चिकटलेले गोखरू उपटत ते खिडकीशी आले. नाकावर दुपट्टा घट्ट बांधलेला.

"कुलूप कोणं लावलं, बंडूजी?"

"म्या नाई पाह्यलं. लाकडं आणाले घरी गेलतो."

"जाताना चुलीपाशी कोण होतं?"

"यशोदाबाई एकल्याच. बाकी समद्या बाया उपासनेत."

"मटण करपल्याचं तुमाले समजलं नाई?"

"मले कसं समजन, माय? थो वास सोसत नाई म्हणून तं हा दुपट्टा." मग त्यांना काहीतरी आठवलं. "यशोदाबाईनंबी मले दोनदा विचारलं, बंडूजी, वास आला का? म्हटलं, मले काऊन विचारता? गंजापाशी तं तुमीच बसून हाय!"

"कोठीची चावी त्याइच्याच जुडग्यात असते. आणा ना तेवढी."

बंडूजी गेले आणि हात हलवत परत आले.

"जुडग्यात चावी नाई म्हणतात. घाबरून गेल्या हायेत. थांब, मी घरून लोखंडी सब्बल आणतो. तोडूनच टाकतो कुलूप."

ते गेले. वर्षाली तांदळाच्या पोत्यावर बसली.

चावी सासूबाईंची. जवळही त्याच होत्या. राग धरायला कारणही होतं. सकाळीच घरात गॅस सुटला होता, आणि यशोदाबाई शेगडीशेजारी बसून निवांत लसूण सोलत होत्या. वर्षाली पाहुण्यांदेखत त्यांच्यावर खेकसली होती, "घर जाळता का, आई?" यशोदाबाई मान खाली घालून लसूण सोलत राहिल्या होत्या.

म्हणजे त्याचा हा वचपा? चावी लपवायची, सुनेला कोंडायचं, आणि माहेरच्या माणसासमोर तिची शोभा करायची?

पण दाबाचं कुलूप ते. बसवायला चावी लागतच नाही, लागते ती उघडायला. आणि आपल्या खांद्यावर शाल पडायच्या दिवशी कुणी स्वतःचं मटण करपवेल का? वर्षालीचं मन पुन्हा पुन्हा तिथेच येऊन अडत होतं.

तेवढ्यात गवत सळसळलं. खिडकीत अंजू. वर्षालीची नणंद, चर्चच्या गाण्यातला मुख्य गळा. रविवारच्या कोऱ्या साडीला गुडघ्यापर्यंत गोखरू चिकटलेले.

"वहिनी, डब्यातल्या चार लवंगा दे ना. अन् एक वाटी, थोडं तूप."

वर्षालीने लवंगांचा डबा उचलला आणि हातातच धरून ठेवला.

"लवंगा कायले?"

"आईनं मांगतल्या."

"आईच्या मटणात वरतून लवंग कवा पडते?"

अंजू साडीचे गोखरू उपटायला लागली. वर्षालीने गजांतून हात बाहेर काढला.

"कोठीची चावी दे, अंजू."

"माह्यापाशी कुठून येईन?"

"सांगू कुठून?" वर्षालीचा आवाज शांत होता, आणि त्या शांतपणाचं तिचं तिलाच नवल वाटलं. "बंडूजी आधी दाराशी गेले, कुलूप हलवलं, मी बोलावलं तवा इकडं आले. तू सरळ गोखरू तुडवत खिडकीशी आली. वहिनी, आत काऊन बसली, हेबी विचारलं नाई. कारण तुले माहीत होतं. कुलूप लागलं तवा पाय धावत आले. आईले तं बसल्या जागेवरून उठाले भिंत लागते. अन् तिसऱ्या कडव्यात तुह्या आवाजच नोता. तू गाणं सोडून भायेर आलती."

"मी कायले कोंडू तुले?"

"मटण करपलं म्हणून. वरचं वरचं दुसऱ्या गंजात काढाचं, निखाऱ्यावर तूप-लवंग टाकून धुरी द्याची, म्हणजे करपल्याचा वास मरते. तेवढा येळ माह्यं नाक चुलीपासून दूर पाह्यजे होतं."

अंजू एक पाऊल मागे सरकली.

"अन् करपलं कसं, तेबी सांगतो. आईले वास येत नाई. मागच्या वर्षीच्या तापात गेला थो आलाच नाई. सकाळी गॅस सुटला तरी त्याइले समजलं नाई. वरीसभर त्याइचं नाक तूच होती, अंजू. आज तू गाणं म्हणाले गेली, म्हणून त्या बंडूजीले विचारून राह्यल्या, वास आला का."

अंजू गजांना धरून रडायला लागली.

"पळा गंजाच्या तळाले अडकला तवा आईले समजलं. चर्चच्या दारातून मले खुणावलं. वहिनी, तू भायेर असती तं समद्याइसमोर बोलली असती. सकाळी बोलली तशी! आज तिची शाल हाय. चावी मीच काढली जुडग्यातून, तिले ठाऊक नाई. मले वाटलं, धुरी देऊ अन् लगेच उघडू. तुह्ये बाबा येनार हाय, हे ध्यानातच नाई राह्यलं वं."

बोलली असती. हे वर्षालीलाही ठाऊक होतं.

"पळ," ती म्हणाली. "आधी कुलूप काढ."

पण अंजू वळसा घालून दाराशी पोचेपर्यंत मोटरसायकल अंगणात येऊन थांबली. उपासनाही सुटली होती. माणसांचा गलका जवळ आला आणि एकदम थांबला. बंडूजी नेमके सब्बल घेऊन दाराशी उभे असणार.

"आत कोण हाय?" रूपरावांचा आवाज. मग तोच आवाज चढला. "माह्या पोरीले कोणं कोंडलं?"

चावी दोनदा चुकली आणि दार उघडलं. उन्हात वर्षालीला आधी काही दिसेना. मग बाबा दिसले, सहा वर्षांत पार पिकलेले, रागाने लाल. मागे पांढराफटक पडलेला प्रफुल. पाळकसाहेब हातात शाल घेऊन उभे. अख्खी मंडळी तिच्या तोंडाकडे बघत होती.

"सांग, कोणं कोंडलं? आत्ताच्या आत्ता चाल वडनेरले."

खरं सांगावं तर सासूची अब्रू जाते. खोटं सांगायला काही सुचेना. दार उघडलं तरी वर्षालीची सुटका झाली नव्हती.

अंजूच्या हातातल्या चावीकडे बघत, भिंत धरत धरत यशोदाबाई चुलीपासून उठल्या.

"तिले नोका विचारू. मी सांगतो." त्यांनी पदराने हात पुसले. "मले वास येत नाई, रूपरावजी. वरीस झालं, लपवून राह्यली. आज गंज करपला तरी मले समजलं नाई. माह्यी लाज झाकाले माह्या पोरीनं तुमच्या पोरीले कोंडलं. सुनेचा काई कसूर नाई. पाळकसाहेब, थे शाल राहू द्या."

प्रफुल आईकडे पहिल्यांदाच पाहिल्यासारखा बघत होता. वर्षाली पुढे झाली आणि तिने सासूचा हात धरला.

यशोदाबाईंनी दुसऱ्या हाताने गंजावरचं झाकण बाजूला केलं.

"तुमीच सांगा, रूपरावजी. वास पाहा. पंगतीले वाढाजोगं हाय का नाई?"

रूपरावांनी त्या दोघींच्या धरलेल्या हातांकडे पाहिलं. मग चुलीशी गेले, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, गंजावर वाकले. लांब श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"थोडसंक लागलं हाय," ते म्हणाले. "पण चालते. वाढा, इहीणबाई."

वर्षाली परत कोठीत शिरली आणि वाढायच्या बादल्या बाहेर काढायला लागली. पहिली बादली तिच्या हातातून बाबांनीच घेतली.