सहा बटणं आणि दहाचा पाना

कोरड्या तळ्याच्या मधोमध रोवलेल्या खांबावरून एक पत्र्याची पेटी काढून आणायची होती. मोहीम एवढीच!

पण त्या पेटीत तीन वर्षांची नोंद होती. जमिनीखालच्या पाण्यात मीठ किती, हे ते यंत्र दर तासाला मोजत होतं, आणि तळ्याकाठच्या वस्तीची नवी विहीर कुठे खोदायची ते त्या आकड्यांवर ठरणार होतं. वारा खाऊन खाऊन खांब कलला होता. लांबच्या डोंगरांत पाऊस सुरू झाल्याची बातमी आली होती. तीन दिवसांत तळं भरायला लागलं असतं आणि पेटी बुडाली असती.

यंत्र जिने बसवलं होतं तिला घरात सगळे दशांश म्हणत. चहात साखर किती, असं विचारलं तर ती "दीड" म्हणत नसे, "एक पूर्णांक चार" म्हणे. आणायलाही तीच निघाली. गाडी थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची होती, पिंपं वाहून वाहून पाठीला पोचे पडलेला पिकअप. चालवणार भावजी. आणि वाट दाखवायला मावशी. तिने चाळीस वर्षं त्याच तळ्यातून मीठ गोळा केलं होतं. तिच्या हातात कायम एक लोखंडी सळई असायची.

निघण्याआधी दोन दिवस दशांशने बहिणीच्या घरामागच्या शेडमध्ये पिकअपला बटणांची जादा पट्टी बसवली होती. सहा बटणं: टपावरचे दिवे, मागचा दिवा, हवेचा पंप, रेडिओ, रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारी विंच आणि एक मोकळं, "पुढच्या गरजेसाठी". बॅटरीपासून बोटभर जाड तांबडी तार आणून, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला भोक पाडून ती आत घेतली होती. भोकात रबराची कडी होती. सगळे फ्यूज पट्टीशेजारी एका ओळीत, क्रमांक टाकून. आकृती इतकी देखणी झाली होती की तिने ती बहिणीला दोनदा दाखवली.

"मुख्य फ्यूज बॅटरीकडे असतो ना गं?" भावजींनी डोकं खाजवत विचारलं होतं.

"भावजी, आकृती बघा. सगळं एका जागी. बिघाड झाला तर शोधत बसायला नको."

"बरं. तू शिकलेली."

"आणि पट्टीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

"बरं."

तेवढ्यावर मिटलं असतं. पण निघायच्या सकाळी तिने दारामागून ऐकलं. बहीण म्हणत होती, "तिला त्या चिखलात नेऊ नका हो." आणि भावजी म्हणाले, "तू काळजी करू नकोस. वेळ आली तर अर्ध्या वाटेवरून परत आणीन तिला."

अर्ध्या वाटेवरून! हे वाक्य तिच्या डोक्यात खड्यासारखं रुतलं.

पहिला दिवस दगडधोंड्यांचा गेला. गाडी अशी थडथडत होती की बोलायचं तर शब्दांचे तुकडे पडत. संध्याकाळी मुक्काम केला तेव्हा बटणपट्टीवरचा मापक बारा पूर्णांक सहा व्होल्ट दाखवत होता. तिने वहीत लिहिलं आणि झोपली.

सकाळी रेडिओच्या घड्याळात शून्य शून्य, शून्य सात वाजले होते.

ती बघतच राहिली. रेडिओची वीज पूर्ण तुटल्याशिवाय त्याचं घड्याळ शून्यावर जात नाही. म्हणजे कुणीतरी बॅटरी सोडवली होती आणि सात मिनिटांपूर्वी परत जोडली होती. कुणीतरी म्हणजे कोण? मावशी तर लांब बसून सळईला तेल लावत होती. भावजी बॉनेटपाशी उभे राहून फडक्याने हात पुसत होते.

"काय करत होतात?"

"पाणी बघितलं रेडिएटरचं."

"मग हाताला काळं कसं?"

"गाडी आहे गं. दुधाची किटली नाही." असं म्हणून ते हसले. नेहमीपेक्षा थोडं जास्तच हसले, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या थांब्यावर तिने प्रयोग केला. शिदोरीतल्या मिठाची चिमूट घेतली आणि बॉनेटच्या फटीवर बारीक रेघ ओढली. मग मावशीबरोबर पुढची वाट बघायला गेली. परतली तेव्हा रेघ मोडलेली होती आणि रेडिओचं घड्याळ पुन्हा शून्यावर. तिने वहीत लिहिलं: *भावजी. दोन वेळा. कारण: परत फिरण्यासाठी बिघाड?* प्रश्नचिन्ह काढताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

त्या संध्याकाळी तळ्याचा काठ आला. समोर पांढरी सपाटी, डोळे दिपवणारी, क्षितिजापर्यंत इस्त्री केल्यासारखी. मावशीने सळई टेकवून पलीकडे बोट दाखवलं.

"तिकडे तळ्यात घुसलेली खडीची जीभ आहे. लांबून जाते, पण भक्कम. खांबाच्या जवळ पोचते."

"तिकडूनच घेऊ," भावजी लगेच म्हणाले.

एवढ्या लगेच का? दशांशने नकाशावर मोजपट्टी ठेवली. "सरळ गेलं तर सहा पूर्णांक दोन किलोमीटर वाचतात. वरचा थर कोरडा आहे."

"पोरी, वरचा थर तोंडदेखला असतो," मावशी म्हणाली. "जमीन गोड बोलायला लागली की मी सळई घट्ट धरते."

पण दशांशला वाटलं, वेळ काढायची ही दुसरी युक्ती. ती म्हणाली, "सरळ."

पहाटे सगळ्यांच्या आधी उठून तिने बॉनेट उघडलं. बघते तर काय! तांबड्या तारेवर, पत्र्याच्या भोकापाशी, सायकलच्या ट्यूबचा काळा तुकडा गुंडाळलेला. आकृतीत असा तुकडा कुठेच नव्हता. तिने तो ओढून काढला. खाली तारेचं वेष्टण खरवडलेलं होतं, सुरीने खरवडावं तसं. म्हणजे नुसती बॅटरी सोडवणं नव्हे, तारच कापायला घेतली होती! तिने खरवडलेल्या जागी चिकटपट्टीचा एक वेढा दिला, हत्यारांच्या डब्यातून दहाचा पाना उचलला आणि आपल्या झोळीत तळाशी टाकला. तार बॅटरीला घट्ट धरून ठेवणारा आवळा त्याच पान्याने सुटायचा.

भावजी उठले, डबा उघडला, बंद केला, परत उघडला.

"दहाचा कुठे गेला?"

"मला काय माहीत?"

"बरं. बॉनेट एकदा..."

"आजपासून बॉनेट मी उघडणार."

"अगं, ती तार..."

"तारेला हात लावायचा नाही, भावजी. ठरलंय आपलं."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग तळ्याकडे. "बरं," म्हणाले आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी एकही चेष्टा केली नाही, आणि त्याचाही तिने संशय घेतला.

पहिले चार किलोमीटर गाडी पाण्यावर नाव चालावी तशी गेली. मग चाकांखालचा आवाज बदलला, करकरीचा कचकच झाला. मावशी म्हणाली, "थांबव." दशांशची झोळी तिने खांद्याला अडकवली, कारण पेटीच्या कुलपाची किल्ली तीत होती, आणि सळई ठोकत ती पायी पुढे निघाली. तिने हात केला की गाडी थोडी पुढे घ्यायची, असं ठरलं.

दोनशे पावलांवरून तिने हात केला. भावजींनी गाडी पुढे घेतली.

कडकन आवाज झाला! थर फुटला. पुढची दोन्ही चाकं धपकन खाली गेली आणि गाडीने नाक चिखलात खुपसलं. दशांशचं कपाळ काचेवर आपटलं.

आणि मग वास आला.

आधी जळक्या रबराचा. मग पायापाशी धूर. करडा, दाट, पत्र्याच्या भोकातून आत येणारा.

"बंद कर!" भावजी ओरडले. इंजिन त्यांनी आधीच बंद केलं होतं.

तिने बटणं दाबली. एक. दोन. तीन. सहाही बंद. धूर चालूच! तिने मुख्य फ्यूज उपटला. धूर चालूच!

तेव्हा तिला लखकन उमगलं. फ्यूज भोकाच्या या बाजूला होता. तार घासून पत्र्याला टेकली होती ती त्या बाजूला. बॅटरी आणि तो पत्रा यांच्यामध्ये वीज अडवणारं काहीच नव्हतं. तिची देखणी आकृती जळत होती.

भावजींनी बॉनेट उचललं. तार लाल झाली होती. "दहाचा पाना! आवळा सोडवायला हवा. कुठेय तो?"

"माझ्याकडे," ती म्हणाली. "झोळीत."

"झोळी कुठेय?"

झोळी मावशीच्या खांद्यावर होती. दोनशे पावलं लांब.

हाताला फडकं गुंडाळून भावजींनी आवळा पिळायला घेतला. हलेना. खाली पेट्रोलची नळी वीतभर अंतरावर होती. दशांश केबिनमध्ये घुसली. डोळे चुरचुरत होते. सीटमागे चाचपलं. पाणी. दोरी. मग रबरी मुठींची पक्कड! ती धावत पुढे आली, बॅटरीच्या अगदी जवळ तार पकडली आणि दाबली. ठिणग्या उडाल्या. अर्धीच तुटली. पुन्हा दाबली. तट्! तार सापासारखी बाजूला उडाली आणि निपचित पडली.

धूर हळूहळू विरला. दोघं बंपरला टेकून बसली. भावजींच्या तळहाताला फोड आला होता.

"शेडमध्ये विचारलं होतं मी," ते म्हणाले. "तू आकृती दाखवलीस. मला आकृती वाचता येत नाही. वास वाचता येतो. पहिल्याच दिवशी वास आला. कडी निसटली होती थडथडीत. म्हणून थांबलो की आवळा सोडवायचो, आणि ट्यूब परत गुंडाळायचो."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू परत फिरली असतीस का?"

"नाही."

"मग. आणि तुझी बहीण म्हणते, दशांशला चूक दाखवू नका, जेवायची बंद होते."

ती ट्यूब आपणच काढली, हे तिने सांगितलं. सांगताना चिखलाकडे बघत होती. भावजींनी फक्त हाताच्या फोडावर फुंकर घातली.

धूर बघून मावशी परत आली होती. झोळी दशांशच्या मांडीवर टाकून तिने सळई जमिनीत खुपसली, वर काढली आणि ओली खूण नखाने मोजली. "सकाळी चार बोटं होती. आता वीतभर. पाणी आधी खालून चढतं. दोन तास आहेत, फार तर."

खांब समोर दिसत होता, एक पूर्णांक तीन किलोमीटर. गाडी चिखलात. पट्टी मेलेली.

"पेटी राहू दे," दशांश म्हणाली. "आधी गाडी काढू."

"गाडी काढायला माणूस एकच लागतो," भावजी म्हणाले. "पुढे खड्डा खणून स्टेपनी पुरतो, विंचचा दोर तिला बांधतो. तू फक्त विंच चालू कशी करायची ते सांग. तुझं बटण तर गेलं."

विंचच्या मोटरची जाड तार सरळ बॅटरीला होती आणि ती शाबूत होती. पट्टीतून फक्त इशाऱ्याची बारीक तार जात होती. दशांशने ती तोडली, टोक सोललं. "हे टोक बॅटरीच्या अधिक खुणेला टेकवलं की दोर ओढला जाईल. उचललं की थांबेल."

"एवढंच? मग सहा बटणं कशाला लावलीस?"

तिला हसू आलं नाही. झोळीत हात घालून तिने दहाचा पाना काढला आणि त्यांच्या बऱ्या हातावर ठेवला.

"जा," ते म्हणाले. "का मी गाडी घेऊन पळून जाईन अशी भीती वाटते?"

"नाही," ती म्हणाली, आणि ते जवळजवळ खरं होतं.

मावशी पुढे, ती मागे, सळईच्या ठोक्यावर पाऊल टाकत दोघी निघाल्या. खांब इतका कलला होता की पेटी गुडघ्याच्या उंचीवर आली होती. गंजलेल्या कुलपात किल्ली फिरेना. मावशीने सळई अडकवून एकच हिसका दिला. पेटी निघाली! तिच्या बुडाशी मिठाचे दाणे चिकटले होते, पण आतला हिरवा दिवा लुकलुकत होता. दशांशने तिला पोटाशी धरलं.

परत वळल्या तोवर पांढऱ्या थरावर पाण्याचा आरशासारखा पातळ पापुद्रा चढला होता. आभाळ खाली उतरलं होतं. पावलांना छपछप आवाज येत होता. आणि जिथे गाडी होती तिथे फक्त खड्डा होता.

दशांश थांबली. डोक्यात तो जुना खडा पुन्हा रुतला. दारामागचं वाक्य आठवलं. बहिणीचा चेहरा आठवला. गेले? खरंच गेले?

"मावशी..."

"तोंड मिट आणि खाली बघ," मावशी म्हणाली. "तू मापं घेणारी ना?"

ती वाकली. पाण्याखाली चाकांच्या खुणा अजून दिसत होत्या. आल्या वाटेने काठाकडे त्या गेल्याच नव्हत्या. त्या वळल्या होत्या उजवीकडे. खडीच्या जिभेकडे. खांबाच्या बाजूला!

तिने मान वर केली. दूर, पाण्यापासून हातभर उंच, एक पोचे पडलेला ठिपका उभा होता. त्याचे दिवे एकदा लागले, विझले, पुन्हा लागले.

"जावईबापू अर्ध्या वाटेवर थांबलेत," मावशी म्हणाली. "चल, उरलेली अर्धी आपली."

घोटाभर पाण्यातून दोघी खडीवर चढल्या तेव्हा भावजी टपावर बसून तळहाताला चिंधी बांधत होते. स्टेपनी मागे आडवी पडली होती, चिखलाने माखलेली.

"उशीर किती?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. मोजलं नाही."

भावजींनी मावशीकडे बघितलं. "हिला ताप तर नाही ना?"

दोन्ही बाजूंना पाणी, मधून खडीची अरुंद जीभ, आणि पिकअप बैलाच्या चालीने काठाकडे निघाला. कोरड्या दगडांवर पोचल्यावर भावजींनी गाडी थांबवली आणि खाली उतरून बॉनेट उघडलं. दशांश पट्टीशेजारचा मुख्य फ्यूज आणि उरलेली तार घेऊन आली. भावजींनी दहाचा पाना आवळ्याला लावला.

"हं, दशांशबाई. फ्यूज कुठे?"

"बॅटरीपाशी."

"किती जवळ?"

तिने अंतर नजरेने मोजलं. मग त्यांच्या चिंधी बांधलेल्या हाताकडे बघितलं.

"तुम्ही सांगाल तिथे," ती म्हणाली, आणि तार त्यांच्या हातात दिली.