सत्तेचाळिसाव्या तुकड्यातलं भोक

काम तसं साधंच होतं. शैलजाबाईंच्या बंगल्यावर जायचं, त्यांच्या जुन्या पियानोच्या पुस्तकात एक सूर बघायचा आणि साडेतीनला परीक्षेला हजर व्हायचं. एवढ्याशा कामात भूत कुठून आलं, असं तुम्ही म्हणाल. विनतालाही तसंच वाटलं असतं. डिसेंबरची दुपार, बाराचं लख्ख ऊन, सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यावर मटारच्या हातगाड्या. अशा वेळी भुतंसुद्धा जेवायला बसत असतील.

विनता कोलते साठ वर्षांची. गन कॅरेज फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसातून मार्चमध्ये निवृत्त झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिनं पियानोच्या परीक्षेचा फॉर्म भरला. नवरा, आलोक, चहाचा कप हातात धरून बघतच राहिला.

"अगं, या वयात लोक चारधाम करतात. तू काहून परीक्षा देऊन राहिली?"

"नापास झाले होते म्हणून."

खरंच झाली होती. चौदाव्या वर्षी, एका मार्कानं. वॉल्ट्झ झकास वाजवला होता पोरीनं. पण उभ्या रेघांनी ओळीचे जे तुकडे पाडलेले असतात, त्यांतल्या सत्तेचाळिसाव्या तुकड्यात तिनं काळी पट्टी दाबली आणि परीक्षक साहेबांच्या पुस्तकात होती पांढरी. ती ओळ पुन्हा येते, म्हणून शेऱ्यात लिहिलं, 'चुकीचा सूर, दोनदा.' तिला शिकवणाऱ्या शैलजाबाईंच्या पुस्तकात मात्र त्या सुराआधी काळ्या पट्टीची बारीकशी खूण स्पष्ट छापलेली होती. पुस्तक वेगळं, छापणारा वेगळा, सूर वेगळा. मार्क गेला तो पोरीचा.

शैलजाबाई म्हणजे कडक काम. आधी हात धुवायचे, पांढऱ्या टॉवेलला पुसायचे, मग पियानो. हा नियम विद्यार्थ्यांना होता आणि त्यांना स्वतःलाही; त्या सगळ्यांत आधी हात धुवून बसत. गत पक्की बसली की तिच्याखाली निळ्या पेन्सिलनं लिहीत, 'चलो, पुढे.' विनताच्या वॉल्ट्झखाली ते कधी लिहिलंच गेलं नाही. निकालाच्या दिवशी बाई तिला म्हणाल्या होत्या, "तू नाही चुकलीस. एकतर माझं पुस्तक चुकलं, नाहीतर तो साहेब. मी शोधून काढते." शोधता शोधता त्यांचं वय झालं, आणि अकरा वर्षांपूर्वी बाई गेल्या.

उन्हाळ्यात विनतानं नवी आवृत्ती मागवली. जाडजूड, नाकाला शाईचा वास येणारी. त्यात पांढरी! आता पंचाईत बघा. जुन्या ड्रॉइंगवर माल बनवला की माल भंगारात जातो, हे तिला चांगलं ठाऊक. पण सेहेचाळीस वर्षं बोटं काळीवरच जाताहेत. काळी वाजवली आणि पुन्हा मार्क कापला तर? पांढरी वाजवली तर बाई चुकल्या होत्या असं आपल्याच बोटांनी जाहीर करायचं. शेवटी तिनं ठरवलं, बाईंचं पुस्तक बघायचं. बाईंनी त्यात शेवटी जे ठरवलं असेल तेच वाजवायचं, मग पास होवो की नापास.

बंगल्याच्या ओसरीवर बाईंचे धाकटे भाऊ, भाऊराव, मटार सोलत बसले होते. वय ब्याऐंशी, कानानं जवळजवळ ठार बहिरे.

"काका, बाईंचं पुस्तक हवं होतं!" विनता ओरडली.

"पियानोवरच असेल. जा ना आत. दीदी वाजवून राहिली."

"कोणती दीदी?"

"अगं, आपली. शैलजादीदी."

विनताला वाटलं, झालं, काकांचं डोकं फिरलं. तिनं त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं, "काका... बाईंना जाऊन अकरा वर्षं झाली."

"ते मला सांगते काय? ग्वारीघाटला नर्मदेत अस्थी मीच सोडल्या ना!" भाऊरावांनी शेंग फोडून दाणे वाटीत टाकले. "मला ऐकू नाही येत, ठीक आहे. पण पायांना समजतं. फरशी थरथरते. रोज बारा ते एक. एकच ओळ... पुढे जातच नाही गं."

ती हसली. हसत हसत आत गेली आणि बैठकीच्या दारात तिचं हसू थिजलं.

आत पियानो वाजत होता.

तोच वॉल्ट्झ. मंद, नीटनेटका, बाई वाजवत तसा. ओळ चढत आली, वळली, सत्तेचाळिसाव्या तुकड्याच्या तोंडाशी आली... आणि थांबली. खोली गप्प. बाहेर वाटीत मटारचे दाणे पडल्याचं ऐकू येत होतं. मग तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच थांबली.

विनतानं दार ढकललं. डांबरगोळ्यांचा वास, आणि त्यात ओल्या साबणाचा. स्टूल रिकामं. पियानोचं झाकण बंद, आणि बंद झाकणाखालून ती ओळ तिसऱ्यांदा सुरू झालेली! पळावं म्हटलं तर पाय उचलेनात. ओळ थांबली तशी तिनं पुढं होऊन, श्वास रोखून, झाकण वर केलं.

पट्ट्यांवर पाण्याचे थेंब होते. नुकतेच हात धुवून कुणीतरी बसलं होतं.

समोर जुनं पुस्तक उघडं होतं. तिनं बोट फिरवत जागा शोधली. बेचाळीस, त्रेचाळीस... सेहेचाळीस. आणि पुढं सत्तेचाळिसाव्या तुकड्यात सूरच नव्हता. भोक होतं. भोकाच्या कडेनं निळ्या पेन्सिलीचे थर होते: काळी, मग खोडलं, पांढरी, मग खोडलं, पुन्हा काळी. खोडून खोडून कागदच फाटला होता.

"बाई..." विनताच्या डोळ्यांत पाणीच आलं. "इतकी वर्षं? माझ्या एका मार्कासाठी?"

भीती होतीच, पण त्या भोकाकडे बघून तिला बाईंची इतकी दया आली की भीती जराशी बाजूला सरली. काहीतरी करायला हवं म्हणून तिनं पिशवीतून नवी आवृत्ती काढली. शेवटी बारीक अक्षरांतली टिपांची तीसेक पानं होती, ती तिनं आजवर उघडलीच नव्हती. बघा म्हणजे! ऑफिसात चाळीस वर्षं पोरांना दटावत आली, खालच्या टिपा आधी वाचा रे, आणि स्वतः मात्र वाचल्या नाहीत. आता तिनं सत्तेचाळीस आकडा शोधला, आणि वाचलं, आणि पुन्हा वाचलं.

"बाई, ऐका..." तिचा आवाज चिरकला. "मूळ हस्तलिखितात खूण नाही. म्हणजे पांढरी. पण पुढं आपल्या शिष्येच्या पुस्तकात वॉल्ट्झ रचणाऱ्यानंच ती खूण स्वतःच्या हातानं घातली. म्हणजे काळी... दोन्ही बरोबर आहेत, बाई! तुमचं पुस्तक बरोबर, तो साहेबही बरोबर. कुणीच चुकलं नव्हतं!"

खोली गप्प. मग स्टूल फरशीवर करकरत वीतभर मागं सरकलं, एकाला बसता येईल इतकं.

आता सांगा, तुम्ही बसला असता? विनता बसली. हात स्वच्छ आहेत का, हे मात्र तिनं आधी पाहिलं. वाजवत वाजवत ती त्या जागेपाशी आली. कानाशी कुणीतरी श्वास रोखून धरल्यासारखं वाटलं. तिनं काळी दाबली. ओळ पुन्हा आली तेव्हा पांढरी. आणि जिथं तिचा हात पोचलाच नव्हता, तिथं, डावीकडे अगदी खाली, एक खर्जातला सूर हळूच येऊन मिळाला. विनताला एकदम हसूच फुटलं. रडू आणि हसू एकत्र, नाक पुसत तिनं गत संपवली.

परीक्षेतही तिनं तसंच वाजवलं, पहिल्यांदा काळी, मग पांढरी. लखनऊहून आलेल्या परीक्षक बाईंनी चष्मा वर केला आणि खुशीत म्हणाल्या, "दोनों पाठ! वाह! टिप्पणियाँ पढ़ता कौन है आजकल!" विनता तरंगतच दाराशी पोचली, तेवढ्यात त्यांनी मागून हाक मारली.

"और हाँ, आपके साथ जो मैडम पन्ना पलट रही थीं, उनसे कहिएगा, परीक्षा में गुनगुनाते नहीं।"

विनता एकटीच आली होती.

घरी आलोकनं सराफा बाजारातून गरम जिलबी आणून ठेवली होती. निकाल लागायचा होता, पण तिचा चेहरा बघून त्यानं आधीच तोंड गोड केलं. जिलबी खाता खाता भाऊरावांचा फोन आला. "अगं, आज फरशी एकदम शांत आहे. दीदी गेली वाटतं. कुठे गेली असेल गं?" नर्मदामाईला मिळाल्या, सुटल्या बाई, असं विनताच्या ओठांवर आलं.

मग तिनं नवं पुस्तक उघडलं. वॉल्ट्झच्या शेवटी, कोऱ्या कागदावर, निळ्या पेन्सिलनं लिहिलं होतं, 'चलो, पुढे.' अक्षर बाईंचं. तिनं ते डोळ्यांना लावलं. मग पान उलटलं. पुढच्या गतीच्या माथ्यावर तीच पेन्सिल होती: 'गुरुवार, चार वाजता.'

गुरुवारी आलोक मित्राला आणायला स्टेशनवर गेला होता. घरात विनता एकटी. चारला पाच कमी असताना तिनं आपल्या पियानोवर पुस्तक लावलं आणि ती बेसिनपाशी गेली. हात धुतले आणि खुंटीवरचा पांढरा टॉवेल ओढला. सकाळीच धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून तिनं तो तिथं टांगला होता.

टॉवेल ओला होता.